अकरा जणांचा श्वास

"म्याडम, डेडस्टॉक रजिस्टरात तुमच्या नावावर अजून एक मशीन दिसतंय. जुनं सामान मोडीत काढायचं चाललंय. येऊन एक सही मारून जावा की."

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या लिपिकाचा फोन होता. मी त्या वेळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्याच्या दवाखान्यात, नव्याने भरती होणाऱ्या कामगाराच्या नाकाला चिमटा लावत होते. रोज असे तीस-चाळीस जण येतात, नळीत फुंकतात, मी तंदुरुस्तीच्या दाखल्यावर शिक्का मारते आणि पुढच्याला बोलावते. त्यांची नावं मी वाचते, पण लक्षात ठेवत नाही. लिपिकाला मी येते म्हणाले. विभाग सोडून आठ वर्षं झाली होती. तिथे माझ्या नावावर काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी गेले. आवारात मोर तसेच ओरडत होते. जिन्यात तोच वास होता, स्पिरिटचा, ओल्या फरशीचा आणि कॅन्टीनमधून वर येणाऱ्या फोडणीचा. वळणावरच्या फलकावर एक रंगीत पोस्टर लावलं होतं. आरोग्य संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, मुदत दोन वर्षं, पीएच.डी. झालेल्यांनी किंवा होत आलेल्यांनी अर्ज करावेत. पांढऱ्या कोटातली चार माणसं त्यात हसत होती. ओळखीच्या माणसाची निधनवार्ता वाचावी तसं मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अशाच एका फेलोशिपचं पत्र एकदा माझ्या नावाने आलं होतं. मी गेले नाही. का गेले नाही हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, आणि सांगायला बसले की मला आधी गुळाचा वास येतो.

लिपिकाने मशीन टेबलावर आणून ठेवलं. फुंकून श्वास मोजायचं, जेवणाच्या डब्याएवढं, राखाडी रंगाचं, वायर गुंडाळलेली. पिशवीत पुठ्ठ्याच्या नळ्यांचं अर्धं पाकीट होतं. एक नळी काढून मी नाकाजवळ नेली. कोरा, जाडसर पुठ्ठा. असल्या नळ्या मी रोज हाताळते, पण त्यांचा वास घ्यावा असं कधी वाटलेलं नाही. "बघा चालू हुतंय काय," लिपिक म्हणाला. मी बटण दाबलं नाही. नळी हातात धरून तशीच बसले.

गाव पंचगंगेच्या काठी, शहरापासून अर्ध्या तासावर. दिवाळी सरली की तिथली गुऱ्हाळं पेटायची. माझा पीएच.डी.चा विषय चार चांगल्या माणसांत सांगायला फार भारदस्त वाटायचा. खरं तर तो एवढाच होता की चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीच्या, धुरात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसांचा श्वास किती उरतो ते मोजायचं. सकाळच्या एसटीने मी मशीन मांडीवर घेऊन जायची. गाव यायच्या आधी वास यायचा. उकळत्या रसाचा गोड, जड वास आणि त्याच्या आत जळक्या चिपाडांचा खवखवता धूर. ऊस पिळणाऱ्या चरकाच्या इंजिनाचा एकसुरी ठोका लांबून ऐकू यायचा. रस उकळायच्या मोठ्या काहिलीत भेंडीच्या रसाने मळी वर यायची, ती झाऱ्याने काढून टाकायची. ओढणीला, केसांना, वहीच्या पानांना तो वास चिकटायचा. संध्याकाळी घरी आले की आई म्हणायची, आली गुळाची ढेप. मला ते आवडायचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळंच आवडायचं.

हंगामाची पहिली काहील उतरली तेव्हा मी तिथेच होते. चुलवाणासमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पहिला गूळ देवाला काढून ठेवला आणि दुसरा माझ्या हातावर. उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला, तारा सुटणारा, जिभेला चटका देणारा. "खा, पावणं," असं सगळेच म्हणाले. महिन्याभरात मी पावणं राहिले नाही. ताई झाले.

हे ज्याच्यामुळे झालं तो सदा पैलवान. चाळिशी उलटलेला, कुस्ती सोडलेला, पण तालमीची किल्ली अजून स्वतःकडे ठेवणारा आडदांड माणूस. गुऱ्हाळावर गुळाचे रवे उचलायला असायचा. श्वास मोजताना समोरच्याला सारखं ओरडून चेतवावं लागतं, नाहीतर माणूस अर्ध्यातच सोडून देतो. माझा आवाज पडायला लागला तेव्हा सदा पुढे आला. "सोड, सोड, सोड! आजून हाय तुझ्यात, सोड की लेका!" गुडघ्यावर हात आपटून तो असा काही ओरडायचा की फुंकणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. नळी बदलायला, चिमटा लावायला, नाव टिपायला तो आठ दिवसांत शिकला. मशीन आलेख काढायचं. वर चढणारी रेघ, मग हळूहळू खाली येणारी शेपटी. सदाने स्वतःही हौसेने दहा वेळा फुंकून पाहिलं होतं. श्वास संपला असं वाटतानाच तो शेवटी हुं करून आणखी एक रेटा द्यायचा, आणि त्याच्या शेपटीवर एक बारीक उंचवटा उमटायचा. मी हसून म्हणायची, पैलवान, हा तुमचा डाव.

आणि तात्या. तीस-पस्तीस वर्षं चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारणारे तात्या. भुवया होरपळलेल्या, डोळे कायमचे लाल. उकळीच्या नुसत्या आवाजावरून आच कमी करायची का वाढवायची ते त्यांना कळायचं. सकाळी ते खोकायला लागले की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची. देवळाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबतात, असं मी माझ्या अक्षरात प्रश्नावलीत लिहून घेतलं होतं. पण नळीत फुंकायला ते कधी यायचेच नाहीत. "ही काहील उतरू दे, मग येतो," म्हणायचे. मी मागे लागले की हसायचे. "आमचा दम तू काय मोजतीस पोरी? धुरानं मोजूनच ठेवलाय." त्यांची बायको, आक्का, न्याहरी घेऊन यायच्या. भाकरी, खर्डा, कांदा. त्यात माझी अर्धी भाकरी वेगळी बांधलेली असायची.

माझी एक सवय इथे सांगायला हवी. माझे वडील शाळामास्तर. घरात तांबडं पेन नेहमीच पडलेलं. कुणाचा आकडा फार खाली आला की मी वहीत त्याच्याभोवती तांबड्या पेनाने गोल करायची, म्हणजे नंतर सापडावा. माझ्या लेखी ती खूण होती. समोर बसलेली माणसं ते बघत होती, हे मी पाहिलं होतं. त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. म्हाताऱ्यांची टाळाटाळ त्यानंतर वाढली. शेवटी अकरा जण उरले, सगळे वयाने मोठे, सगळे धापा टाकणारे, आणि त्यांत तात्या.

फेलोशिपची मुलाखत त्याच आठवड्यात ठरली. फोनवरूनच, चार देशांतली चार माणसं. गुऱ्हाळावर रेंज यायची नाही. देवळाच्या गच्चीवर यायची. त्या सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "आज माझी परीक्षा आहे. परदेशातली मोठी मंडळी बघणार आहेत. तुमच्यामुळेच मी तिकडे जाणार." आक्काने हातावर दही घातलं. सदा म्हणाला, "तू निवांत जा ताई. ही राहिल्याली अकरा मी फुकवून घेतो. तुज्या मशीनला काय बी हुईत न्हाय." मला ते पटलं. किंवा मला पटवून घ्यायचं होतं. मी गच्चीवर गेले आणि दीड तास बोलले. त्यांनी विचारलं, मोजमाप कोण करतं? मी छाती पुढे काढून सांगितलं, प्रत्येक माणसाचा श्वास माझ्या डोळ्यांसमोर मोजला जातो. खाली चुलवाणाचा धूर सरळ वर चालला होता. मी त्याच्याकडे बघत हे खोटं बोलले, आणि ते खोटं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

खाली आले तर अकराच्या अकरा झाले होते. तात्या सोडून सगळे शेडच्या खांबांना टेकून उभे, शाळेत गट फोटो काढून झाल्यावर पोरं उभी राहतात तसे. सगळ्यांचे चेहरे उजळलेले. वही पाहिली. एकाही आकड्याला गोल करायची गरज नव्हती. तात्या चुलवाणाजवळूनच म्हणाले, "झालं न्हवं तुझं काम?"

"झालं तात्या," मी म्हणाले.

त्या दिवसाचं मला अजून काय काय आठवतं! दुपारी सदाने उसाचा रस काढला, त्यात आलं ठेचून घातलं. कुणीतरी शेंगा भाजल्या. शेंगांच्या टरफलांचा ढीग, इंजिन बंद केल्यावर कानात उरणारी शांतता, आक्काच्या पदराला पुसलेले माझे चिकट हात. मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही, हे मी आज मोजूनमापून सांगते. आणि त्या सुखात मी एक साधा प्रश्न विचारला नाही. पायऱ्यांवर दोनदा थांबणाऱ्या माणसाचा आकडा इतका चांगला कसा?

विचारला नाही असंही नाही. विचारला, पण कागदावर. मुलाखतीनंतर पाठवायच्या प्रस्तावात मी लिहिलं की इतकी वर्षं धुरात काढूनही काही वृद्धांची फुप्फुसं आश्चर्यकारक धडधाकट राहिली आहेत, त्याचं कारण शोधायला हवं. मुलाखतीतल्या चौघांपैकी ज्यांच्या हाताखाली मी काम करणार होते, त्या परदेशातल्या बाईंना नेमकं हेच आवडलं. त्याच एका परिच्छेदावर माझी निवड झाली. पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मी गावात पेढे घेऊन गेले. आक्काने गुळाचा लहान रवा फडक्यात बांधून दिला. "तिकडं च्या कसला पित्यात कुणास ठावं. ह्यो घालून पी." तात्या मला एसटीपर्यंत सोडायला निघाले, पण वेशीपाशीच थांबले. "हितनंच जा आता," म्हणाले. दम लागला म्हणून थांबले, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

जायला महिना उरला असताना बाईंनी मूळ आलेख मागवले. तिथे पोचल्या पोचल्या काम सुरू करता यावं म्हणून, सहजच. मी एका रविवारी ते लावत बसले. सकाळ, खिडकीतून ऊन, आई आत डाळ निवडत होती. पहिल्या धडधाकट म्हाताऱ्याच्या शेपटीवर एक बारीक उंचवटा होता. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही. तात्यांच्याही. अकराही जणांनी अगदी शेवटी हुं करून रेटा दिला होता.

मी सदाला फोन लावला. "पैलवान, खरं सांगा, त्या दिवशी त्या अकरा जणांचं कुणी फुंकलं?"

"मीच की, ताई," तो मोकळेपणाने म्हणाला. "आता तुला म्हणून सांगतो..."

मी फोन कापला. त्याला काय सांगायचं होतं ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मला वाटलं, थट्टा केली. हंगामभर यांच्या धुरात बसले, यांची भाकरी खाल्ली, आणि यांनी माझ्या कामाचा खेळ केला. चार दिवस मी अंथरुणावरच होते. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, अकरा काढून टाक, उरलेल्यांवर प्रबंध उभा राहतो. ते खरं होतं. अकरा ओळी निवडल्या आणि पुसल्या. बाईंना सगळं खरं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, तीन ओळींचं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, जागा दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बस्स. नातेवाइकांना वडिलांनी कितीतरी दिवस व्हिसाचं कारण सांगितलं.

मी फार प्रामाणिक वागले असं त्या वेळी मला वाटायचं. कित्येक वर्षं मी त्याच्यावर जगले. पण आता ती नळी हातात धरून बसले होते आणि जे मला कधीच पुरतं विसरता आलं नव्हतं ते पुन्हा समोर आलं. त्या रविवारी मला दोन गोष्टी कळल्या होत्या. फेलोशिप गेली ही एक. आणि तात्यांचा श्वास कुणीच मोजलेला नाही ही दुसरी. देवळाच्या पायऱ्या, सकाळचा खोकला, सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांना उठवून दवाखान्यात न्यायला हवं, हे माझ्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी नेलं नाही. रागाने गेले नाही, मग लाजेने, मग आता काय तोंडाने जायचं म्हणून. गावभर पेढे वाटून न गेलेली बाई. शहरातल्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर त्या गावची माणसं म्हशी घेऊन उभी दिसली की मी रिक्षा वळवायला सांगायची. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मी आठ वर्षं गेले नाही.

लिपिकाने पेन पुढे केलं. मी सही केली. "बाद" असा शिक्का त्याने मशीनवर मारला आणि ते कोपऱ्यातल्या ढिगाकडे नेलं. बाहेर येऊन मी स्कूटर सुरू केली ती घराकडे न्यायला. पण नाक्यावर घराकडे वळलेच नाही.

गुऱ्हाळ उरलेलं नाही. ऊस आता सरळ कारखान्याला जातो. पत्रे काढून नेलेत, चुलवाणाच्या खड्ड्यात पाणी साचलंय, काठाला घाणेरी उगवली आहे. वास कसलाच नव्हता. मी तिथे उभी राहून मुद्दाम खोल श्वास घेतला, आणि ओल्या मातीशिवाय काही आलं नाही.

आक्का घरीच होत्या. दारात शेणी थापत बसलेल्या. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी बघितलं. "आगा बया! ताई न्हवं तू?" शेणाचे हात तसेच पसरून उठल्या, मग भान येऊन पदराला पुसायला लागल्या. मला आत नेलं, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर तात्यांचा फोटो होता. त्याला प्लास्टिकचा हार घातलेला.

"कधी?" मी विचारलं.

"लई दिस झालं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात." त्या खाली बसल्या. "दमच पुरंना. चार पावलं टाकली की बसायचं. सदा गाडी घिऊन आला, शहरात दवाखान्यात घिऊन गेलतो. डाक्टरनं तुज्यागत मशीन फुडं केलं. म्हनला, आजोबा, फुका. ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. सदा समजावून दमला, डाक्टर रागावला, पर न्हाय म्हंजे न्हाय."

"पण का, आक्का?"

"आता का म्हंजे?" माझ्याच अडाणीपणाचं त्यांना नवल वाटलं. "तू देवळावर परीक्षेला गेलतीस न्हवं, तवा ही सगळी म्हातारी घाबरली की. आपला आकडा पडला, तू तांबडं केलंस, की पोर नापास झाली. परदेशची मान्सं बगायला लागल्यात. म्हनून सदानं समद्यांचं फुकलं. ह्यांनीच सांगितलंतं त्याला. म्हनले, माजं तर मी अजाबात फुकत न्हाय, तूच फुक." त्या जरा हसल्या. "मग दवाखान्यात काय म्हनायचं, ठावं हाय? आता फुकलो आन् खरा आकडा निघाला, तर तिकडं कळंल. पोरीला माघारी धाडतील. दोन वर्सं हुंद्यात तिची, मग कितींदा बी फुकतो. मी म्हनलं, आवो, तिकडं कसं कळंल? म्हनायचे, मशीन ते, सांगता येत न्हाय. सारखं बोटं मोजायचे, आता किती म्हैनं ऱ्हायलं म्हनून. त्ये दोन वर्सं भरायच्या आदीच..."

बाहेर म्हैस ओरडली. आक्काने तिकडे एकदा बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. सांगावं, मी म्हणत होते स्वतःला, आत्ता सांगावं, मी कुठेच गेले नव्हते. अर्ध्या तासावर होते. या बाईसमोर निदान एकदा खरं बोलावं.

"आन् तुजं?" आक्काने विचारलं. माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे केलं. "झालं न्हवं तिकडचं समदं नीट? कवा आलीस?"

"झालं, आक्का. सगळं नीट झालं," मी म्हणाले. "कालच आले."

आक्का भिंतीकडे वळल्या. पदर डोक्यावरून सारखा केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलासा न्हवं? झालं म्हनं पोरीचं."